टप उघडणारी मोटार

आमच्या लश्करातील टोपी बाजार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना तेथे राहून मोटार घेण्याची गोष्ट काढणारा मनुष्य शुद्धीवर आहे किंवा नाही, अशी शंका येईल. महाराज बाड्याची गर्दी मागे टाकून आपण त्या गल्लीत शिरलो की दोन स्कूटरी समोरासमोर आल्या तरी एकीला कोणाच्या तरी दुकानाच्या पायरीशी अंग चोरून उभे राहावे लागते. अशा ठिकाणी, खाली फेट्या-पगड्यांचे लहानसे दुकान आणि वर राहते घर, अशा एका जुन्या वास्तूत आमची थोरली बहीण आणि तिचा मुलगा राहतात. गेल्या भाऊबीजेस आम्ही तिकडे जेवावयास गेलो होतो. ओवाळणीचे तबक खाली ठेवले जाते न जाते तोच भाच्याने विषय काढला.

"मामा, मला एक गाडी घ्यायची आहे. जुनी चालेल. पण टप उघडणारी हवी. स्पोर्ट्स."

ताईने वर पाहिले. वर म्हणजे देवाकडे नव्हे, छताकडे. माडीच्या छतावर गेल्या पावसाळ्यात तीन ठिकाणी ओल उतरली होती आणि तिचे पिवळे नकाशे अद्याप तसेच होते. "घराचं छप्पर गळतंय," ती म्हणाली, "आणि ह्याला बिनछपराची गाडी हवी आहे. तूच सांग रे ह्याला काही."

आम्ही काही सांगणार होतोच. परंतु भाच्याच्या पुढच्या वाक्याने आमचे तोंड बंद झाले. "बाबांनी चाळीस वर्षं नवरदेवांना फेटे बांधले," तो म्हणाला. "ते सगळे उघड्या गाडीत बसून सराफ्यातून मिरवत गेले. बाबा मात्र पायरीवर उभे." आमचे मेव्हणे आता नाहीत. ते हयातीत सायकलीवरच फिरले, आणि तीही पुढे विकली गेली. ह्या वाक्याला उत्तर म्हणून गळक्या छताचा मुद्दा पुरा पडणारा नव्हता, हे ताईलाही कळले असावे. ती पाट उचलून आत गेली.

मग हिशेब झाला. दुकानातून सात वर्षांत शिल्लक पडलेले सहा लाख रुपये होते. ताईची अट एकच : गच्चीचे दोन लाख आधी बाजूला काढून बँकेत ठेवावयाचे आणि त्यांना हात लावावयाचा नाही. राहिले चार. आम्ही आणखी एक अट घातली. जुन्या मोटारीची किंमत ही तिची पहिली किंमत असते, शेवटची नव्हे. म्हणून चारांतले पाऊण लाख मोटार दारात आल्यानंतरच्या दुरुस्तीसाठी राखावयाचे. भाच्याने दोन्ही अटी मान्य केल्या. टोपी बाजारात राहणाऱ्याला कोणी टोपी घालू नये, एवढी जबाबदारी आमच्या शिरावर आली.

आम्ही मराठीचे एम. ए. मोटारीतले आम्हांला काय कळणार? पण मास्तरकीचा एक लाभ असा की गावातल्या प्रत्येक धंद्यात आपला एखादा विद्यार्थी सापडतो. आमचा एक जुना विद्यार्थी मोटारींचा मिस्त्री आहे. संधी-समास त्याला कधी जमले नाहीत; इंजिनाचा आवाज ऐकून दुखणे सांगणारा कान मात्र त्याला उपजत लाभलेला आहे. त्याने पहिल्याच भेटीत आम्हांला जो पाठ दिला तो आम्ही वहीत उतरवून घेतला. "सर, उघडी गाडी बघायला गेलं की लोक इंजिन बघतात. इंजिन शेवटी बघायचं. ते दुरुस्त होतं. आधी खालचा सांगाडा, मग वरचं कापड, मग कागद. ह्या तिन्हींतलं एक जरी कुजलं असलं तरी चहा पिऊन परत यायचं."

सांगाडा आधी का, हेही त्याने समजावले. आजकालच्या बहुतेक मोटारींना वेगळी चासी नसते. तळ, बाजू, खांब आणि टप मिळून एकच पेटी बनते, आणि त्या पेटीची ताकद चारही बाजूंनी बंद असण्यात असते. बुटांच्या खोक्याचे झाकण काढून खोके पिळून पाहावे, म्हणजे पुढचे सांगावे लागत नाही. ज्या मोटारी कारखान्यातूनच उघड्या निघतात त्यांच्या तळाला आणि दरवाजाखालच्या पट्टीला म्हणून मुद्दाम जास्तीची मजबुती दिलेली असते.

इंग्लंड-अमेरिकेत असा प्रश्न पडलेल्या माणसाला फारसे हिंडावे लागत नाही. जपानच्या माझ्दा कंपनीने 1989 साली एमएक्स-5 नावाची दोन आसनांची छोटी उघडी मोटार काढली. 2016 पर्यंत तिच्या दहा लाख गाड्या तयार झाल्या. जुन्या बाजारात ती तिकडे सामान्य नोकरदाराच्या आवाक्यात असते. आपल्या देशात ती कधी रीतसर विकावयास आलीच नाही, आणि बाहेरून जुनी मोटार आणावयाची तर ती तीन वर्षांहून जुनी नसावी असा नियम, वर जकात मोटारीच्या किमतीलाही मागे टाकणारी. तेव्हा तो मार्ग बंद. येथे विकल्या गेलेल्या जर्मन उघड्या मोटारी दहा-बारा वर्षांनी बऱ्याच उतरलेल्या भावात मिळतात खऱ्या. पण बटण दाबताच घडी होऊन मागे जाणारे त्यांचे पोलादी टप ज्या पंपांवर आणि नळ्यांवर चालते, त्यांतला एक बिघडला की गच्चीसकट सगळे पैसे गेले म्हणून समजावे. त्या वाटेला आम्ही गेलो नाही.

पहिली मोटार गावातच पाहिली. लालभडक रंगाची मारुती 800, टप कापलेली, मागे पंखासारखी फळी लावलेली. भाच्याचे डोळे चमकले. किंमत एक लाख दहा हजार. आमच्या मिस्त्रीने काही न बोलता एका बाजूने जॅक लावला, मोटार वीतभर उचलली आणि भाच्याला दरवाजा उघडावयास सांगितले. दरवाजा उघडला, पण परत लागेना. पेटी पिळली गेली होती. मिस्त्रीने जॅक उतरवला; दरवाजा लागला. विकणारा म्हणाला, "जॅकवर कोण गाडी चालवतं?" हा युक्तिवाद आम्हांला शालेय वक्तृत्व स्पर्धेतल्या पुष्कळ युक्तिवादांहून बरा वाटला, पण ग्वाल्हेरचे खड्डे जॅकचेच काम करतात.

शिवाय कायदा. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे कारखान्याने दिलेल्या आणि नोंदणीपत्रात लिहिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मोटारीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2019 च्या जानेवारीत हेच पुन्हा स्पष्ट केले. नोंदणीपत्रात बंद मोटार आणि रस्त्यावर उघडी, असे असले की पोलिसांची पावती ही त्यातली लहान गोष्ट. अपघात झाला तर विमा कंपनी ह्याच मुद्द्यावर हात झटकू शकते, ही मोठी. आम्ही भाच्याला एवढेच म्हटले की ज्या मोटारीचे कागद आणि तोंड जुळत नाही, ती फुकट मिळाली तरी महाग.

दुसऱ्या मोटारीने मात्र आमचीच परीक्षा पाहिली. इंदूरला एका निवृत्त गृहस्थांकडे स्टँडर्ड हेराल्ड असल्याचे कळले. खास उघड्या टपाची, हस्तिदंती रंगाची. हेराल्ड हे नाव आमच्या पिढीला परके नाही. 1959 साली इंग्लंडात ट्रायम्फने ती काढली, मिकेलॉट्टी नावाच्या इटालियन कारागिराने तिचे रूप रेखले, आणि 1961 पासून मद्रासची स्टँडर्ड कंपनी ती आपल्याकडे बनवू लागली. तिची मौज अशी की तिला वेगळी चासी आहे. ज्या कारखान्याकडून अख्खी बॉडी घ्यावयाची तो प्रतिस्पर्धी कंपनीने गिळला, म्हणून ट्रायम्फला बॉडीचे तुकडे ठिकठिकाणी करवून ते चासीवर बोल्टांनी आवळावे लागले. अडचणीतून निघालेल्या ह्या तोडग्याने एक गंमत केली : टपदेखील बोल्टांनीच बसवलेले, त्यामुळे त्याच सांगाड्यावर उघडी मोटार सहज करता आली. पुढचे बॉनेट दोन्ही पंखांसकट अख्खे वर उचलले जाते आणि मिस्त्री चाकावर बसून काम करू शकतो. आणि वळावयास तिला फक्त पंचवीस फूट जागा लागते! टोपी बाजारच्या तोंडाशी वळणारी एखादी मोटार जगात असेल तर ती हीच, असे आमच्याही मनाने घेतले.

इंदूरला आम्ही चौघे गेलो; ताईसुद्धा. तिने निघताना दुकानातला लोहचुंबक पिशवीत टाकला. फेटे बांधताना जमिनीवर सांडलेल्या टाचण्या गोळा करण्यासाठी तो ठेवलेला असतो. मिस्त्रीने तिला काही शिकवले असेल असा आमचा समज. तिने ते स्वतःच ताडले होते. "लोखंड असेल तर चिकटेल, नसेल तर नाही," एवढेच ती म्हणाली.

गृहस्थ सज्जन होते. मोटार तर अशी की पाहताच हात फिरवावासा वाटावा. ताईने चुंबकाला रुमाल गुंडाळला, रंग खरवडू नये म्हणून, आणि पुढच्या चाकामागून सुरुवात केली. दरवाजाच्या वरच्या भागात चुंबक धरून राहिला. दरवाजाखालच्या पट्टीवर तो घसरून तिच्या हातात आला. पुन्हा लावला, पुन्हा घसरला. हातभर लांबीपर्यंत तेथे पत्रा नव्हताच. कुजलेल्या जागी लांबी भरून वर सुरेख रंग दिलेला होता. मिस्त्री खाली सरपटला. चासीपासून बाजूंना निघालेले जे आडवे हात बॉडीला तोलून धरतात, त्यांतले दोन गंजाने पोकळ झाले होते. बोटाने दाबले तर पापुद्रे निघाले. मालकांना हे ठाऊक नव्हते, असे आम्ही आजही मानतो. त्यांनी ती तशीच घेतली होती. त्यांचा चेहरा पाहून ताईलाच वाईट वाटले आणि तिने चुंबक पिशवीत टाकला.

ते किंमत एक लाखाने उतरवावयास तयार झाले. परतीच्या वाटेवर भाचा त्या एक लाखात दुरुस्तीचे गणित मांडीत होता आणि आम्हीही, खरे सांगावयाचे तर, त्याला आकडे पुरवीत होतो. शेवटी कागदाने निकाल लावला. पन्नास वर्षांवरील मोटारींसाठी केंद्र सरकारने 2021 च्या जुलैत जे नियम केले, त्यांप्रमाणे जुनी दुर्मीळ मोटार म्हणून वीस हजार रुपये भरून नोंद करता येते. पण मग ती प्रदर्शनाला, मिरवणुकीला, दुरुस्तीला न्यावयाची, नित्याच्या कामाला नाही. साध्या नोंदणीवर ठेवावयाची तर ठरावीक काळाने तपासणीला उभी करावयाची, आणि त्या आडव्या हातांनिशी ती उतरली असती असे मिस्त्रीला वाटले नाही. भाच्याला मोटार हवी होती ती फिरावयास. हेराल्ड कपाटातल्या शालूसारखी झाली असती.

तिसरी मोटार आम्ही डोळ्यांनी पाहिलीच नाही. सॅन स्टॉर्म हे नाव वाचकांपैकी थोड्यांनीच ऐकले असेल. 1990 च्या दशकाच्या अखेरीस गोव्यात सॅन मोटर्स कंपनीने दोन आसनांची, कापडी टपाची ही छोटी मोटार बनवावयास घेतली; इंजिन फ्रान्सच्या रेनोचे, 1149 सीसीचे, आणि बॉडी फायबरग्लासची. आपल्या देशात, तेही आपल्या शेजारच्या गोव्यात, परवडणारी उघडी स्पोर्ट्स मोटार करून पाहण्याचे धाडस कोणी केले होते, हे कळल्यावर आम्हांला उगीचच अभिमान वाटला. अशी एक मोटार तिकडे विकाऊ होती. आमचे एक मावसभाऊ फोंड्याला असतात; त्यांनी जाऊन पाहिली. येथे चुंबकाचे काम नव्हते, फायबर गंजत नाही. पण त्याला तडे जातात, आणि खालचा सांगाडा पोलादाचाच. समुद्राच्या खाऱ्या हवेत तो कसा राहिला हे पाहणे भाग. सांगाडा बरा होता असे त्यांनी कळवले. कापड मात्र शिवणीवर विरलेले आणि मागची प्लॅस्टिकची खिडकी पिवळी पडलेली. इंजिनाचे सुटे भाग कोठून तरी आणता येतील. पण पुढची काच फुटली, दाराचे रबर फाटले, टपाची कडी तुटली तर ते कोण देणार? मोटार निघणे बंद होऊन वर्षे लोटली. शिवाय परराज्याची मोटार म्हणजे तिकडचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि इकडे नव्याने कर.

ताईने एकच प्रश्न विचारला : "दोन सीटांची ना? मग मी कुठे बसू?" त्यावर भाच्यापाशी उत्तर नव्हते. सॅन स्टॉर्म तेथेच राहिली. आम्हांला तिची चुटपुट अजून आहे.

मधल्या काळात दिल्लीहून बरेच प्रस्ताव आले. तिकडे पंधरा वर्षांवरील पेट्रोल मोटारींवर बंदीचे आदेश निघाले, 2018 साली सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरले, आणि तेव्हापासून तिकडच्या जुन्या मोटारींचा ओघ आमच्या बाजूला वळला. त्या आदेशांत पुढे फेरबदलही झाले. अशी मोटार घेऊच नये असे नाही. पण ना-हरकत प्रमाणपत्र हातात पडण्यापूर्वी पैसे देऊ नयेत. "भाईसाहब, एनओसी आ जाएगी" ह्या भविष्यकाळी क्रियापदावर एक रुपयाही सोडू नये, हे व्याकरणाचा शिक्षक म्हणून आम्ही सांगू शकतो.

भाच्याच्या मनात आणखी एक योजना होती, ती इंदूरच्या वाटेवर बाहेर आली. लग्नसराईत मोटार नवरदेवांना भाड्याने द्यावयाची. फेटा आपला, मोटारही आपली. कल्पना देखणी. परंतु खाजगी म्हणून नोंदलेली मोटार भाड्याने फिरवणे हे बेकायदा. त्यासाठी वेगळी नोंद, वेगळा परवाना, वेगळा विमा. वरातीत नाचणाऱ्या कोणाच्या पायावरून चाक गेले तर सहा लाख काय, दुकानही जाईल. हे सांगताना आम्ही जरा कठोर झालो. तो बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिला.

आणि मग मेळा आला. ग्वाल्हेरचा व्यापार मेळा 1905 पासून भरतो, हे बाहेरच्या वाचकांना माहीत असेल. अलीकडे काही वर्षे त्यात नव्या मोटारींवर रस्ताकरात निम्मी सूट मिळत आल्याने लोक मोटार घेण्यासाठी मेळ्याची वाट पाहत राहतात. नवी घेतली की जुनी निघते. माघाच्या अखेरीस मिस्त्रीचा निरोप आला : एका डॉक्टरांनी मेळ्यातून नवी मोटार घेतली, त्यांची जिप्सी विकाऊ आहे; 2012 ची, कापडी टपाची, एकाच मालकाची.

भाच्याचे तोंड पडले. "मामा, जिप्सी म्हणजे काय स्पोर्ट्स कार?"

प्रश्न रास्त होता. मारुती जिप्सी 1985 च्या अखेरीस आली ती लष्कराने आणि पोलिसांनी उचलली. 2019 पर्यंत ती निघत राहिली. तिला सौंदर्य म्हणावे असे काही नाही. मागे समोरासमोर बाके, खाली पाट्यांच्या स्प्रिंगा, खड्ड्यात शिरली की माणूस आधी उडतो आणि मोटार मागाहून. पण हिमालयातल्या आणि वाळवंटातल्या शर्यतींत आपल्या देशात जी मोटार वर्षानुवर्षे धावली ती हीच. तिला स्वतंत्र चासी आहे, आणि टप कारखान्यातूनच कापडी असल्याने कागद आणि तोंड जुळते. 1298 सीसीचे इंजिन एस्टीमच्या घराण्यातले. सुटे भाग मिळणे अवघड नाही, हात लावावयास न कचरणारा मिस्त्रीही गावोगाव आहे. स्पोर्ट्स हा शब्द वेगाचाच असावा असे कोठे लिहिले आहे? आम्ही एवढे बोललो आणि थांबलो. मोटार त्याला चालवावयाची होती.

डॉक्टरांच्या अंगणात ताईने चुंबक फिरवला. मागच्या डाव्या कोपऱ्यात तळहाताएवढ्या जागी तो घसरला. डॉक्टरांनी आपण होऊन सांगितले की तेथे गेटाचा खांब लागला होता. मिस्त्रीने जॅक लावला. दरवाजे सुरळीत लागले. चासीवर वरवरचा गंज होता, तासून रंगवण्यासारखा. मग टप चढवून वर दोन बादल्या पाणी ओतले. उजव्या बाजूच्या शिवणीतून थेंब आले. चौचाकी गिअरची दांडी डॉक्टरांनी कधी वापरलीच नसावी, ती दोन हातांनी ओढावी लागली. इंजिन सर्वांत शेवटी चालू केले, तेही थंड असतानाच. आधी गरम करून ठेवलेले इंजिन आपली दुखणी लपवते. मिस्त्री डोळे मिटून उभा राहिला, जसे आमच्याकडे जुने लोक षड्ज ऐकतात, आणि मान हलवली. चासीवरचा आणि इंजिनावरचा क्रमांक भाच्याने नोंदणीपत्राशी अक्षर-अक्षर ताडून पाहिला; सरकारी नोंदीत कर्जाचा बोजा नाही हेही पाहिले. एमपी 07, म्हणजे आपल्याच जिल्ह्याची. नवा कर नाही. सव्वातीन लाखांना सौदा झाला. 29 आणि 30 क्रमांकांच्या अर्जांवर डॉक्टरांच्या सह्या आमच्यासमोर झाल्या. 2027 मध्ये नोंदणीची पंधरा वर्षे संपतील. 2022 पासून फेरनोंदणीचे शुल्क सहाशेवरून पाच हजार झाले आहे, ते आम्ही वहीत मांडून ठेवले.

कापड मात्र बदलावे लागले. आमच्याकडे वैशाख-ज्येष्ठात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. त्या उन्हात वर्षभर उभे राहिलेले कापड तिसऱ्या-चौथ्या वर्षी कुरकुरीत होते. उघडी मोटार खऱ्या अर्थाने उघडी चालवावी असे महिने येथे मोजके : दसऱ्यापासून धुके पडेपर्यंत, आणि मग फाल्गुनात. बाकीचे दिवस ती सावलीत झाकून ठेवावयाची. म्हणून कंपूला एकाच्या अंगणातली शेडखालची जागा दरमहा भाड्याने घेतली आहे. टोपी बाजारातून तेथवर भाचा चालत जातो.

फाल्गुनातल्या एका रविवारी तो आम्हांला तिघरा धरणावर घेऊन गेला. ताई पुढे बसली, पदर डोक्याभोवती घट्ट गुंडाळून. आम्ही मागच्या बाकावर आडवे, दोन्ही हातांनी गज धरून. कापड उतरवलेले होते. सराफ्यातून जाताना भाच्याने मोटार मुद्दाम हळू घेतली. दोन ओळखीच्या दुकानदारांनी हात वर केला. ताईने कोणाकडे पाहिले नाही. ती समोर पाहत होती, आणि तिचे डोळे वाऱ्याने पाणावले होते की कसे, ते मागून आम्हांला दिसले नाही.

परतताना गोल पहाडियापाशी धूळ उठली. मोटार बाजूला घेऊन टप चढवावयास भाच्याला अकरा मिनिटे लागली. ताईने घड्याळ लावले होते. मिस्त्री म्हणतो, सरावाने चार मिनिटांत व्हावे. गच्चीचे काम अक्षय्य तृतीयेस सुरू झाले आणि मृगाच्या आधी पुरे झाले.